धुराड्यातली बोली

खोपोली नाक्यावरच्या चांगोशेठच्या हॉटेलाचं धुराडं साफ करायचं काम आपल्यालाच मिळणार, आणि ते एकदा मिळालं की रस्त्यावरचे सगळे हॉटेलवाले आपल्या पायाशी येणार, हे कडावच्या सहदेवनं रविवारच्या संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला सांगून टाकलं होतं. बोली सोमवारी होती. पण ती त्याच्या लेखी नुसता उपचार होता.

सहदेव कौलं शाकारायचा. हे काम चैत्र-वैशाखातलं. उरलेलं वर्ष तो ओट्यावर बसून बायकोला, म्हणजे सुंदराला, म्हशींच्या धारा कशा काढाव्यात ते शिकवायचा. म्हशी सुंदराच्या, दूध तिचं, घर त्या दुधावर चालायचं. त्यामुळे धुराड्याचं काम त्याला मिळावं असं त्याच्यापेक्षा तिलाच जास्त वाटत होतं. तिनं ट्रंकेतून आपल्या भावाचा लग्नातला पांढरा कोट काढून त्याच्या अंगात चढवला आणि म्हणाली, "काम घेऊनच या. आन् नाय मिळालं, तरी सांज झाल्याबिगर येऊ नका."

जर्मनीची लढाई संपून वर्ष झालं होतं. घाट चढणाऱ्या लॉऱ्या इंजिन थंड करायला नाक्यावर थांबत आणि ड्रायव्हर चांगोशेठकडे भज्यांवर तुटून पडत. तेलाच्या धुरानं धुराडं असं तुंबलं होतं, की धूर वर जायचा सोडून गिऱ्हाइकांच्या मांडीवर येऊन बसायचा. लोक भजी खाताना ढसाढसा रडत. एकदा तर रस्त्यानं जाणारी एक म्हातारी आत डोकावून कोण गेलं म्हणून विचारून गेली होती. शेवटी चांगोशेठनं निरोप धाडला, की ज्याला काम हवं त्यानं सोमवारी सकाळी येऊन आकडा सांगावा. जो कमी सांगेल त्याला काम.

सहदेवला धास्ती होती ती फक्त साजगावच्या गोमाची. गोमा कारखान्यातली धुराडी साफ करायचा आणि चारचौघांत सहदेवला 'कौलावरचं मांजर' म्हणायचा. म्हणून सहदेवनं ठरवलं, की गोमा खालून मान वर करून अंदाज बांधील, आपण वरून आत शिरून काजळी किती जाड आहे ते हातानं बघू आणि मग नेमका आकडा सांगू.

तो उजाडताच पोचला. हॉटेलाचा मागचा दरवाजाही उघडला नव्हता. पाण्याच्या पिंपावर चढून तो कौलांवर गेला, आढ्याला दोर बांधला आणि धुराड्यात पाय सोडले. चांगोशेठच्या वडिलांनी धुराडं बांधताना हात आखडता घेतला नव्हता. वरचं तोंड असं ऐसपैस, की एखादं रेडकू आत जावं. सहदेव खूश होऊन खाली सरकत राहिला. पण निम्म्यावर कुठंतरी गवंड्याचा विचार बदलला होता. तिथं धुराडं एकदम अरुंद झालं आणि सहदेव कमरेत अडकला. त्यानं वर जायला जोर केला, तर कोट गोळा होऊन काखेत आला. खाली जायला जोर केला, तर आणखी घट्ट बसला. दोर तोंडासमोर लोंबत होता, पण ओढायला कोपर वळेना.

हाक मारावी असं त्याच्या मनात आलंच होतं, तेवढ्यात खाली दार वाजलं. चांगोशेठ, आचारी जैतू आणि त्यांच्यामागून गोमा स्वयंपाकघरात आले. आता हाक मारायची म्हणजे गोमाला जन्मभराचा विषय द्यायचा. सहदेव कान देऊन ऐकू लागला.

शेठनं विचारलं, कडावचा सहदेव कसा आला नाही? गोमा म्हणाला, तो कसला येतोय, पडला असेल घोंगडी पांघरून. धुराड्यात सहदेवच्या मुठी वळल्या. मग गोमानं आकडा सांगितला. सहदेवनं मनाशी धरलेल्या आकड्यापेक्षा तो बराच खाली होता. काम गेलंच होतं. आता सगळे बाहेर गेले की कसंबसं सुटायचं आणि डोंगराच्या वाटेनं घर गाठायचं, एवढंच त्यानं ठरवलं.

पण बाहेर ड्रायव्हर चहासाठी ओरडायला लागले आणि जैतूनं भट्टी पेटवली.

सहदेवच्या तळपायांना ऊब लागली. क्षणभर बरंही वाटलं. पण धुराला वर जायला वाटच नव्हती, वाटेत सहदेव होता. सगळा धूर उलटा स्वयंपाकघरात पसरला. जैतू दिसेना, शेठ दिसेना, खोकण्यावरून कोण कुठं ते ओळखायची वेळ आली.

"शेठ," गोमा खोकत म्हणाला, "ह्ये तर पार बुजलंय. म्या सांगितलेल्या आकड्यात नाय परवडायचं. दुप्पट पडतील."

सहदेवनं ते ऐकलं आणि त्याचे डोळे अंधारात चमकले. गोमा दुप्पट झाला म्हणजे सहदेवचा आकडा खाली आला. पायाला चटके बसत होते, पण एवढी सोन्यासारखी संधी सोडायची कशी? त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि आपला आकडा ओरडून सांगितला. आवाज हंड्यातून यावा तसा घुमला.

खालचं खोकणं थांबलं.

"कोन हाय?" चांगोशेठनं विचारलं.

"मी सहदेव. कडावचा."

"आन् बोलतोस कुठनं?"

सहदेवनं क्षणभर विचार केला. "कामावरनं," तो म्हणाला.

पुढचं सगळं घाईत झालं. जैतूनं भट्टीवर कळशी ओतली. गोमानं धुरात हात घालून एक पाय पकडला, जैतूनं दुसरा, आणि दोघांनी पाय रोवून ओढलं. सहदेव सुटला तो एकटा नाही. चांगोशेठच्या वडिलांच्या काळापासूनची काजळी घेऊन तो धाडकन खाली आला आणि भट्टीशेजारच्या भज्यांच्या पिठात बसला. वरून काळा, खालून पिवळा. कोट कुठं संपतो आणि सहदेव कुठं सुरू होतो ते कळेना.

जैतूनं पुन्हा भट्टी पेटवून पाहिली. धूर सुतासारखा सरळ वर गेला. बाहेर बसलेल्या ड्रायव्हरांनी कितीतरी दिवसांनी एकमेकांची तोंडं पाहिली.

चांगोशेठ खालून धुराड्यात बघत राहिला. आरपार आभाळ दिसत होतं.

"शेठ, माझा आकडा कमी हाय," सहदेवनं आठवण करून दिली. "काम माझं."

"कंचं काम रं?" शेठ म्हणाला. "धुराडं तर साफ हाय."

"अवो, ते म्याच केलंय."

"तू तर बघाया गेला व्हतास. बघायचं कुनी पैसं घेतं व्हय?"

सहदेवनं गोमाकडे पाहिलं, तर तोही शेठच्या बाजूनं मान हलवत होता. शेठ मात्र अगदीच दगड नव्हता. त्यानं सहदेवला मागच्या पायरीवर बसवलं, कारण आत बसवण्यासारखा तो राहिला नव्हता, आणि नव्या पिठाच्या गरम भज्यांचं ताट पुढं ठेवलं.

सहदेव मान खाली घालून खात होता. थोड्या वेळानं गोमा आला, शेजारी टेकला, ताटातलं एक भजं उचललं आणि इकडंतिकडं बघत हळू आवाजात म्हणाला, "कर्जतला टेशनाम्होरच्या खानावळीचं धुराडं बी तुंबलंय. तिथं बी बोली लागनार हाय. काम मी घेतो. मग तू वरनं शिरून नुसतं बघून ये. निम्मं तुझं."

सहदेव भजं चावायचा थांबला. त्यानं गोमाकडं रोखून पाहिलं, मग आपल्या कमरेकडं पाहिलं.

"त्याचं मधलं अंग," तो म्हणाला, "किती रुंद हाय रं?"