बिनबंदुकीचा लोगो

गुंडेरावांनी माझा पहिला लोगो पाहिला आणि ते खुर्चीतून उठून भिंतीला चिकटले. मला वाटलं, वरून पाल पडली असेल. पण त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदावर होती.

"ताई, नळी तिकडं फिरवा आधी."

कागदावर मी काढलेली दुनळी बंदूक होती. मी कागद फिरवला. नळीचं तोंड कपाटाकडे गेल्यावर ते परत येऊन बसले, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "भरलेलीच समजायची. कवाबी."

"काका, चित्र आहे ते."

"हाव. चित्र हाय म्हणून तर. खरी असली तर नळी मोडून आत काडतूस हाय का बघता येतं. ह्याच्या आत कसं बघणार?"

मी कागद गुंडाळून पिशवीत टाकला.

मी नांदेडात लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, निवडणूक आली की बॅनर, अशी कामं करते. बंदुकीच्या दुकानाचं काम पहिल्यांदाच आलं होतं. गुंडेरावांचे वडील किशनराव, त्यांनी काढलेलं हे परवान्याचं दुकान, 'किशनराव आर्म्स'. पाटी गंजली म्हणून गुंडेरावांच्या पुण्याच्या लेकीने हट्ट धरला, नवी करा आणि लोगोही करून घ्या. बंदूकवाला म्हणजे मिशा आणि दरारा असेल, अशी माझी समजूत होती. समोर होते हाफ स्वेटर घातलेले, किडकिडीत, इतकं हळू बोलणारे गृहस्थ की मला पंखा बंद करावा लागला.

पुढच्या खेपेला मी नळी उजवीकडे केली. ते मला हाताला धरून रस्त्यावर घेऊन गेले.

"पाटी इथं लागणार. उजवीकडं काय हाय?"

"दाताचा दवाखाना."

"तिथं माणसं आधीच घाबरून बसलेली असतात. डावीकडं?"

डावीकडे पेढ्यांचं दुकान होतं. वरच्या मजल्यावर भाडेकरूंच्या बाळाचा पाळणा टांगलेला होता आणि खाली गिऱ्हाईक उभं राहणार. बंदुकीला तोंड करायला जागाच उरली नाही. व्हिजिटिंग कार्डाची तर त्यांनी प्रत्यक्ष चाचणी घेतली. कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं, मान वाकवून पाहिलं आणि ताबडतोब बाहेर काढलं. "काळजाकडं बघून राहिली," ते म्हणाले.

मग मी हरीण आणलं. "त्याला कशाला आणलं इथं? कसं वाटंल त्याला?" नेम धरायचं वर्तुळ आणलं, मध्ये काहीही नसलेलं. ते त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. "मधी कुणी न्हाई म्हणता, पण बघणाराच मधी येतो की, ताई."

या माणसाचं दुकान चालतं कसं, हे मला कळेना. माझ्यासमोर एक तरुण वरातीसाठी बंदूक बघायला आला. गुंडेरावांनी त्याला आधी परवान्याचा कायदा सांगितला आणि मग अर्धापूरच्या एका बँडवाल्याचा नंबर दिला. किनवटकडचा एक शेतकरी रानडुकरांनी हैराण होऊन आला होता. त्याला त्यांनी विजेच्या झटक्याच्या कुंपणाची इतकी माहिती दिली की तो आभार मानून कुंपणवाल्याकडे गेला.  "बंदूक विकली की झोप जाते माझी," ते म्हणाले. "कुठं ठेवली असंल, कुणी हात लावला असंल, लई इचार येतात."

शेवटी मी सगळी चित्रं टाकून दिली आणि नुसतं नाव सुंदर अक्षरांत लिहून नेलं. गुंडेरावांनी कागद सगळीकडून फिरवून पाहिला. त्यांचा चेहरा उजळला. आता पसंत म्हणणार, तेवढ्यात एक मास्तर आत आले.

ते बिलोलीकडचे निवृत्त शिक्षक. निवडणुकीच्या वेळी परवान्याची बंदूक जमा करावी लागते, म्हणून त्यांनी आपली बंदूक या दुकानात जमा केली होती, ती न्यायला आले होते.

"बसा मास्तर. डुकरं आली का?"

"न्हाई."

"रानात काय हाय यंदा?"

"काई न्हाई. हिचं आजारपण चालू होतं, पेरलंच न्हाई." मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले. "आता ती बी गेली. घरात असू द्यावी म्हटलं बंदूक."

"घरी कोण असतं मग?"

"मी हाय की."

 गुंडेरावांनी माझ्या पुढ्यातला तो कागद उचलला आणि मास्तरांच्या हातात दिला.

"ह्या ताईनं दुकानाचं नाव लिहून आणलंय. मला अक्षरातलं कायबी कळत न्हाई. तुमी बघा बरं."

इतके दिवस माझ्या रेघेरेघेचा कीस काढणारा माणूस हे बोलत होता. मास्तरांनी नाइलाजाने चष्मा लावला. कागद डोळ्यांजवळ नेला.

"हा 'श' असा कसा?" ते म्हणाले. "गाठ कुठं गेली ह्याची?"

खिशातलं पेन काढून त्यांनी कागदाच्या मागे एक 'श' काढला. तो माझ्या 'श'पेक्षा खरंच देखणा होता.

"बघा. मला दिसलंच नसतं," गुंडेराव म्हणाले. "बंदुकीचं तेलपाणी राहिलंय, मास्तर. गुरुवारी या. तवर ताई हे सुधारून आणतील, तेबी बघून घ्या."

मास्तर चहा पिऊन गेले. मी विचारलं, "गुरुवारी देणार का बंदूक?"

"न्हाई."

"पण बंदूक त्यांची, परवाना त्यांचा. तुम्ही किती दिवस अडवणार?"

गुंडेरावांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. "तुमी किती दिवस चुका करू शकता, ताई?"

तेव्हा मला कळलं, मास्तरांना ती बंदूक कशाला हवी होती.

त्या गुरुवारी मी 'श' सुधारला आणि 'र' बिघडवला. पुढच्या गुरुवारी वेलांटी आखूड केली, मग काना वाकडा. मास्तर माझ्यावर वैतागायला लागले, आणि वैतागलेला माणूस पुढच्या खेपेला वेळेवर येतो हे मी तिथे पाहिलं. हळूहळू ते माझ्या आधीच येऊन बसू लागले. बायकोबद्दल बोलू लागले. गुंडेरावांनी भीत भीत मास्तरांना विचारून त्यांच्या लेकाला फोन केला, तो येऊन त्यांच्याजवळ राहिला. एका गुरुवारी मास्तर लोगोला पसंती देऊन म्हणाले, "ती बंदूक विकून टाका, गुंडेराव. मला कशाला ती?"

ते गेल्यावर मी विचारलं, "काका, त्या दिवशी तुम्हाला कसं कळलं?"

गुंडेराव काउंटर पुसत होते. पुसत पुसत म्हणाले, "आमची मंडळी वारली तवा दुकानाची किल्ली मी मेव्हण्याकडं देऊन ठेवली होती."

मी मागच्या कपाटाकडे पाहिलं. ओळीने लावलेल्या बंदुका होत्या. 

"तो सकाळी गावाकडून यायचा, उघडायचा. सांजच्याला बंद करून किल्ली घेऊन जायचा. दिवसभर समोर बसायचा. म्हणायचा, दाजी, मला काडतुसांचे नंबर शिकवा. त्याच्या दोन म्हशी, इत्तीशी जमीन. त्याला काय करायचे होते नंबर?"

"शिकले का ते?"

"न्हाई," गुंडेराव म्हणाले. "लई ढ निघाला. रोज विसरून यायचा."