सरांनी हात लावला नाही

प्रदर्शनाला न्यायच्या शेवंतीच्या कुंड्या उताराच्या तळाशी टेम्पोची वाट पाहत होत्या. डाव्या कडेला पाच शेजारणींच्या पाच, उजव्या कडेला सरांच्या बायकोची एक. ही एक तिने पोटच्या पोरासारखी वाढवली होती. त्या कुंडीपुढून जाताना सर खोकायचेसुद्धा तोंड फिरवून.

सर म्हणजे कायद्याचे निवृत्त प्राध्यापक. उताराच्या मध्यावर ते हात मागे बांधून उभे होते, तोच वरून माळी ओरडला. मातीने भरलेली ढकलगाडी त्याच्या हातातून निसटली होती आणि थेट डावीकडच्या पाच कुंड्यांच्या रोखाने निघाली होती.

"सर, दांडा धरा, उजवीकडे वळवा!"

गाडी थांबवणं सरांच्या आवाक्याबाहेरचं होतं, पण वळवणं जमलं असतं. सरांचे डोळे चमकले. भरधाव गाडी पाच जणांच्या अंगावर चाललीय, वळवली तर एकच मरेल, वळवणार का? हा प्रश्न त्यांनी जन्मभर वर्गात विचारला होता आणि आज तो चक्क समोरून येत होता. वळवली, तर एका कुंडीची जबाबदारी आपल्यावर. नाही वळवली, तर निव्वळ अपघात. पण नुसतं बघत राहणं हेही कृत्यच मानायचं का? यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, असं त्यांच्या मनात येतंय तोवर गाडी शेजारून निघून गेली. आपण हात लावला नाही हे सगळ्यांना दिसावं, म्हणून सरांनी दोन्ही हात वर केले.

पाचही कुंड्यांचा चुराडा झाला.

शेजारणींनी सरांना घेरलं. त्यांतल्या थोरल्या काकू म्हणाल्या, "बायकोची एक वाचवायला आमच्या पाच घालवल्यात तुम्ही."

"अहो काकू, तसं मुळीच..." म्हणता म्हणता सर थबकले. मागे बायको कुंडी उराशी धरून उभी होती आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

आता आली का पंचाईत. मी फक्त कायद्याला भ्यालो, असं खरं सांगावं तर पाच जणी निवळतील. पण तिच्या कुंडीचा विचार नवऱ्याच्या मनालाही शिवला नव्हता, हे त्या एकीला कळेल.

या वेळी सरांनी दोन्ही बाजू पाहिल्या नाहीत. "मुद्दामच केलं," ते म्हणाले. "माझ्या बायकोची आहे ती."

शिक्षा जागच्या जागी सुनावली गेली. पाचही नव्या कुंड्या सरांनी स्वतः भरून द्यायच्या. दुपारभर ते माती कालवत बसले आणि संध्याकाळी कमरेवर हात ठेवून घरी आले. बायकोने त्यांना पालथं झोपवून पाठ शेकायला घेतली.

"कायद्याला घाबरला होतात ना?" ती म्हणाली. "हात वर केलेत तेव्हाच ओळखलं मी."

सर उशीतून म्हणाले, "मग तिथे बोलली का नाहीस?"

"आरोपी इतकं गोड खोटं बोलत असताना मधे कशाला बोलू?"