आश्चर्याचा चौथा प्रयोग

खरा आनंद माणसाला एकदाच होतो, तो न सांगता होतो आणि त्याची तालीम करता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी बायकोला ऐकवलं तेव्हा आम्ही दोघं आमच्याच घराच्या बंद दाराबाहेर, एका संध्याकाळी चौथ्यांदा चकित व्हायला उभे होतो.

"मत राहू द्या," ती म्हणाली. "आतून हाक आली का ते ऐका."

त्या दिवशी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. माझ्या वडिलांना स्वतःच्या लग्नाची तारीखच ठाऊक नव्हती. 'पूर आला त्याच्या आदल्या साली,' असं ते सांगत आणि 'पुढच्या साली,' असं आई आतून सांगे. आमच्या पिढीने प्रगती केली. आम्हाला तारीख माहीत होती. दरवर्षी सकाळी बायको विचारायची, "आज तारीख काय?" मी सांगायचो. ती "हं" म्हणायची. त्या एका 'हं'मध्ये शुभेच्छा, भेटवस्तू आणि निषेध, सगळं उरकायचं.

नातीला हे पटत नाही. तिच्या मते ज्याचं चित्रण झालं नाही ते घडलंच नाही. तिने आम्हाला चष्म्याच्या दुकानात पिटाळलं. परत येऊन दार ढकललं तर घरात काळोख. मग एकदम दिवे लागले आणि कपाटामागून, पडद्यामागून, टेबलाखालून माणसं बाहेर पडली. मुलगा, सून, शेजारपाजार, माझ्या वयाचे मित्रसुद्धा. टेबलाखालच्यांना ओढून काढावं लागलं. बायकोने तोंडावर हात घेतला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पन्नास वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

तो आणखी एका व्यक्तीने पाहायला हवा होता. आमची लेक विमानाशिवाय पोचता येत नाही इतक्या लांब असते. तिला रजा मिळाली नव्हती. तिने भाचीला बजावलं होतं, "मला फक्त आईचा चेहरा दाखव. बाकी काही नको." म्हणून नातीने फोन फुलदाणीला टेकवून ठेवला होता. आणि नेमकी त्या क्षणी फोनची लाइन गेली, चित्र गोठलं. लेकीला दिसली ती आमची चपलांची मांडणी, तीही अर्धवट.

"आत्या रडतेय," लाइन परत आल्यावर नात म्हणाली. तिचाही आवाज फुटला होता. "आजी, प्लीज, परत एकदा आत या ना."

पोरीने आत्याला शब्द दिला होता. आम्ही बाहेर गेलो.

दुसऱ्यांदा आत आल्यावर बायको पडद्याकडे बघून मुलाला म्हणाली, "त्या पडद्याला हात पुसू नकोस." हा चेहरा लेकीने लहानपणी पुष्कळ पाहिलेला होता. तिसऱ्यांदा आमच्याआधी वरच्या मजल्यावरचे वकील उशिरा आल्याची माफी मागत आत शिरले आणि आमच्या वाटणीचं सगळं आश्चर्य त्यांच्या अंगावर पडलं. ते अजून मोरीत तोंडावर पाणी मारत होते.

आता चौथी खेप. बायको जिन्याच्या कठड्याला टेकली होती.

"मला नाही हो जमायचं," ती हळूच म्हणाली. "मघाशी खरंच आलं होतं डोळ्यांत पाणी. आता कुठून आणू? पोरगी तिकडे डोळे लावून बसली असेल आणि मी आपली ठोंब्यासारखी उभी राहणार."

हे ऐकून माझ्यातला लेखक जागा झाला. तो जागा झाला की घरात काहीतरी फुटतं, हा अनुभव आहे. पण त्या वेळी आठवत नाही.

"तू नुसती उभी राहा," मी म्हणालो. "बाकी मी सांभाळतो."

"तुम्ही काही सांभाळू नका."

आतून हाक आली. दार उघडलं, दिवे लागले, सगळे ओरडले. आवाज आता एखाद्या सभेत ठराव मंजूर झाल्यासारखा येत होता. मी छातीवर हात ठेवला, डोळे विस्फारले, भिंतीला पाठ लावली आणि "अरे बापरे" म्हणत हर्षातिरेकाने सावकाश खाली बसलो.

बसणं मला नको इतकं चांगलं जमलं.

"बाबा!" सून धावली. ती रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिचा हात माणसाला परत उठू देत नाही. तिने मला आडवं पाडलं, गुंड्या सोडल्या, मनगट धरलं.

"अगं, मी ठीक आहे."

"सगळे असंच म्हणतात. बोलू नका."

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर गर्दीतून पुढे आले. ते दातांचे. सवयीने म्हणाले, "तोंड उघडा." मी उघडलं. म्हणजे बोलायची उरलीसुरली सोयही गेली. मुलगा रुग्णवाहिकेला फोन लावत होता आणि आमच्या घराचा पत्ता विसरला होता.

आणि लाइन? लाइन आता इतकी स्वच्छ होती की फुलदाणीजवळून लेकीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"बाबांना काय झालं? कुणीतरी सांगा ना. दादा! आई कुठेय? मी निघते, मी आत्ता निघते..."

तिच्या सुखासाठी बसलो होतो आणि पोरगी तिकडे एकटी थरथरत होती. उठायचं तर सुनेचा हात छातीवर, खरं काय ते बोलायचं तर डॉक्टरांचं बोट दाढेवर. कुणीतरी पंखा लावला.

तेवढ्यात बायको पुढे आली. घाई नाही, घबराट नाही. तिने माझ्याकडे वरून पाहिलं.

"उठा," ती म्हणाली. "हृदय डावीकडे असतं."

सगळ्यांनी पाहिलं. माझा हात अजूनही छातीच्या उजव्या बाजूला, भक्तिभावाने.

"काही झालेलं नाही यांना," ती फोनकडे वळून म्हणाली. "नाटक करतायत. मला रडू येईना म्हणून मदत करत होते."

फोनमधून लेक कडाडली, "बाबा, तुम्हाला काही कळतं का हो?" मी काही म्हणणार तोच तिला हुंदका आला आणि हुंदक्यातूनच हसू फुटलं. "उजवीकडे? आई, उजवीकडे?"

"अगं, पन्नास वर्षं झाली. अजून सापडलं नाही त्यांना," बायको म्हणाली आणि हसत सुटली. पोट धरून, भिंतीला टेकून, माझ्याशेजारी जमिनीवर बसून. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मघाचाच चेहरा, किंबहुना त्याहून बरा.

"दिसतेय गं आई," लेक म्हणत होती. "दिसतेयस तू मला."

डॉक्टरांनी बोट काढलं. सुनेने हात काढला आणि मग तोच हात डोळ्यांना लावला. मुलाला पत्ता आठवला. आडवा पडल्यापडल्या मला वाटलं, माझं ठाम मत काही चुकीचं नव्हतं, 'एकदाच' एवढं सोडून.

तेवढ्यात नात माझ्या उशाशी येऊन बसली. हातात तिचा दुसरा फोन. चेहरा फारच गोड केलेला.

"आजोबा," ती म्हणाली, "माझं रेकॉर्डिंग चालूच नव्हतं. परत एकदा पडता का? आणि या वेळी जरा दिव्याकडे तोंड करून."