बाक सोडून सर्व माहिती

अर्ज एका ओळीचा होता. 'आपल्या खात्याकडे असलेली सर्व माहिती, खाते सुरू झाल्यापासून आजपर्यंतची, मला द्यावी.' खाली पत्ता आणि एक वेडीवाकडी सही. बस्स.

जपूनरावांनी तो तीनदा वाचला आणि बसल्या जागी त्यांचे हातपाय गार पडले. जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण दिवसातून चाळीसदा 'जरा जपून हं' म्हणणाऱ्या माणसाला ऑफिस दुसरं काय म्हणणार? गावातल्या बागा, दिवे आणि बाक सांभाळणाऱ्या त्या खात्यात माहितीचे अर्ज त्यांच्या टेबलावर येत. निवृत्तीला सात महिने उरले होते. एकतीस वर्षांत एकही ठपका नव्हता. म्हणजे, अजून कुणाला काही सापडलं नव्हतं.

"सर्व माहिती?" शेजारच्या टायपिस्ट बाईंनी मान लांब करून वाचलं. "अहो, द्यायला ट्रक लागेल! कोणीतरी रिकामटेकडा दिसतोय."

"रिकामटेकडा कसला? मुरलेला आहे," जपूनराव कुजबुजले. "सगळं मागायचं आणि त्यातून हवं ते एकच काढायचं."

ते एकच कुठलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी गावातल्या चाळीस बाकांची पाहणी त्यांच्या गळ्यात पडली होती. ठणकत्या गुडघ्याने त्यांनी एकोणचाळीस बाक अगदी हात लावून पाहिले. चाळिसावा दवाखान्यासमोर, चढाच्या टोकाला होता. जपूनराव चढाखाली उभे राहिले, वर बघितलं आणि घरी गेले. अहवालात मात्र बाकीच्या एकोणचाळिसांसारखंच लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहणी केली. सिमेंटचा बाक, सुस्थितीत.' खाली सही.

आता तुम्ही म्हणाल, नंतर एकदा जाऊन बघायचं होतं. तीच तर गोम आहे. बघितलं आणि बाक तिथे नसला तर? तीन वर्षांत जपूनराव त्या रस्त्याला फिरकले नव्हते. ताप आला तरी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जात.

"अहो, अर्जच आलाय ना? पोलीस तर नाही आले?" बायकोने त्यांचं न जेवलेलं ताट उचलत विचारलं. "काय हवंय ते त्या माणसालाच सरळ विचारा आणि मोकळे व्हा."

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनीही तेच सांगितलं. "पत्र टाका. नेमकं काय हवंय ते आठ दिवसांत कळवा म्हणावं. नाही कळवलं तर काढू सगळ्या फायली बाहेर. मी स्वतः एकेक चाळतो. फार दिवस राहून गेलंय ते."

झालं! जपूनरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

पत्राचे पाच कच्चे खर्डे झाले. 'आपल्याला नेमके काय हवे आहे?' असं लिहिलं, पण त्याने 'बाक' म्हटलं तर? फाडलं. मग बागा, दिवे, कारंजी, कुंपणं अशी यादी करून त्यांतलं एक निवडा म्हटलं. पण यादीत बाक नाहीत हे लक्षात आलं तर? तेही फाडलं. शेवटी घाम पुसत त्यांनी एक वाक्य जुळवलं, आणि ते त्यांना इतकं बिनतोड वाटलं की दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पोटभर श्वास घेतला. 'बाकांची माहिती, त्यातही दवाखान्यासमोरील बाकाची, आपणांस नको असावी असे आम्ही गृहीत धरतो. तसे नसल्यास समक्ष भेटावे.'

"हे वाक्य ठेवायचंय?" टायपिस्ट बाईंनी विचारलं.

"ठेवा. तेच तर महत्त्वाचं आहे."

बाईंनी भुवया उंचावल्या आणि टाइप केलं. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही ठोकली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला साठी उलटलेली एक बाई जपूनरावांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बारीक अंगाची, खांद्याला कापडी पिशवी, आणि हातात ते पत्र. जपूनरावांनी घाईघाईने खुर्ची पुढे सरकवली.

"हे तुम्ही पाठवलंत?"

"बसा ना, ताई. पाणी देऊ?"

"पाणी नको. सरळ सांगा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"मला? काय?"

"बाकाचं."

संपलं, जपूनरावांना वाटलं. एकतीस वर्षं पाण्यात. "ताई, काय झालं, माझा गुडघा..."

"गुडघ्याचं काय मध्येच? तो बाक माझ्या गॅलरीत आहे हे कळलंय ना तुम्हाला? मग आडून आडून कशाला लिहायचं? या म्हणायचं आणि पकडायचं!" एवढं बोलून ती मटकन खुर्चीत बसली आणि तिला रडूच फुटलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचा नवरा सुतार. दवाखान्यात औषधाला गेला की बाहेरच्या त्या बाकावर दम खात बसायचा. पाच वर्षांपूर्वी बाकाचा पाय मोडला. त्याने तीन तक्रारी दिल्या; कोणी फिरकलं नाही. शेवटी बाकच हातगाडीवर घालून घरी आणला, पाय बसवला, घासून पॉलिश केलं, आणि परत नेऊन ठेवायच्या आत अंथरूण धरलं. त्यातून तो उठलाच नाही.

"परत ठेवायचं राहून गेलं, भाऊ. मग भीतीच बसली," ती म्हणाली. "आता मी कायमची लेकीकडे चाललेय. सामान ट्रकमध्ये चढताना सगळी गल्ली बघणार. तुमच्या कागदांत त्या बाकाची केस-बिस झालीय का, तेवढंच मला बघायचं होतं. पण नुसता बाक मागितला तर संशय येणार. म्हणून म्हटलं, सगळंच मागावं. त्यात कोणाला काय कळतंय! त्यांच्या हातचं शेवटचं काम आहे हो ते. काय वाटेल ती शिक्षा करा, पण बाक नेऊ नका."

जपूनरावांना तिची दया आली, नाही असं नाही. पण डोक्यात हिशेब वेगळाच चालला होता. पाच वर्षांपूर्वी उचललेला बाक तीन वर्षांपूर्वी आपण जागेवर पाहिला! त्यांनी जड पावलांनी कपाटातून फाईल आणली आणि तिच्यासमोर ठेवली. मागितल्यावर दाखवावी तर लागतेच.

बाईंनी चष्मा लावला. "'सिमेंटचा बाक, सुस्थितीत.' सिमेंटचा? आमचा तर लाकडी आहे."

जपूनरावांनी घाईघाईने मागची पानं उलटली. अकरा वर्षांपूर्वीच्या एका कागदावर सगळं होतं: गावातले सगळे लाकडी बाक मोडीत काढले, त्यांच्या जागी सिमेंटचे बसवले. दवाखान्याच्या चढावर मात्र सिमेंटचा बाक चढवायला कोणीच गेलं नसावं. जपूनरावांना त्या अनोळखी माणसाचा गुडघासुद्धा डोळ्यांसमोर दिसला.

"म्हणजे आमचा बाक तुमचा नाहीच?"

"कागदावरून तो केव्हाच गेलाय, ताई. खुशाल न्या."

"खरं?" बाईंचा जीव भांड्यात पडला. ती हसली, पुन्हा थोडी रडली आणि मघाचं पाणी मागून घेऊन गटागटा प्यायली. मग चष्मा सारखा करून तिने तो अहवाल परत वाचला. "पण मग हा सिमेंटचा कोणी पाहिला? 'प्रत्यक्ष पाहणी'? ही सही कोणाची?"

भीती टेबलाच्या त्या बाजूने उठली आणि या बाजूला येऊन बसली.

"माझी," जपूनराव म्हणाले. "सात महिने राहिलेत हो फक्त. चढ चढवेना त्या दिवशी."

बाई काही बोलणार तेवढ्यात मोठे साहेब आत आले. खांद्याला बॅग, डोक्यावर टोपी. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

"काय जपूनराव, ह्याच का त्या सर्व माहितीवाल्या?" साहेब रंगात होते. "बाई, नेमकं काय हवंय ते इथेच लिहून द्या, माझ्यासमोर. लगेच देऊ. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही!"

"काही नको, असं लिहू?"

"छे छे! अर्ज केलाय म्हणजे काहीतरी मागायलाच हवं. नाहीतर मी तो निकाली कसा काढणार?"

बाईंनी उघड्या फायलीकडे पाहिलं, मग जपूनरावांकडे. ते इतके पांढरे पडले होते की फाईल मिटायचंही त्यांना सुचत नव्हतं. बाईंनी ती स्वतःच मिटली, बाजूला सारली आणि पेन उचललं. कोणालाच त्रास होणार नाही असं काय बरं मागावं? जपूनराव पेनच्या टोकाकडे बघत होते.

एक ओळ लिहून तिने कागद साहेबांना दिला. साहेब मोठ्यांदा वाचू लागले. "'आधीचे सर्व रद्द समजावे. कार्यालय सकाळी किती वाजता उघडते आणि मोठे साहेब रोज किती वाजता येतात, एवढेच लेखी कळवावे.'"

शेवटचे शब्द तोंडातल्या तोंडात राहिले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग खांद्यावरची बॅग हळूच काढून पाठीमागे धरली. टायपिस्ट बाई कागद न घालताच मशीन बडवू लागल्या.

"हे... हे कशाला हवंय तुम्हाला?"

"काही नाही हो. म्हटलं, सगळ्यांत साधं काहीतरी मागावं. अकरापासून बसलेय ना, तुम्ही दिसला नाहीत, म्हणून सुचलं."

साहेबांनी खुर्ची ओढली, बाईंच्या शेजारी बसले आणि टोपीने कपाळ पुसलं. मग अगदी गयावया करत म्हणाले, "ताई, इतकं नेमकं नका हो मागू. तुमचा पहिला अर्ज किती छान होता! सगळंच मागा ना. हे बघा, ही बाकांची फाईल काढलेलीच आहे. हिच्यापासूनच सुरुवात करू."