आबांच्या मनगटावरचा पट्टा

चिमीच्या हृदयाचं भोक बुजवून तीन महिने झाले होते, पण तिच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या काळजातली धडधड काही थांबली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी लिहून दिल्या होत्या: रोज अर्धा तास भरभर चालणं आणि जेवणानंतर अँटिऑक्सिडंटची एक गोळी. पावलं मोजायला मनगटावर पट्टा. त्यातले आकडे पाहून महिन्याने ठरणार होतं, चिमीला शाळेच्या मैदानावर सोडायचं की नाही. त्या मैदानासाठी चिमीने देव पाण्यात घातले होते.

आईबाबा कामावर, म्हणून तिला चालवणं आबांकडे आलं. पहिल्याच दिवशी पोरीला जराशी धाप लागली आणि आबांचा जीव खालीवर झाला. गोळीवर त्यांचा पूर्ण भरवसा होता, कारण गोळी गिळताना कुणाला धाप लागत नाही. त्यांनी चिमीला बाकावर बसवलं, पट्टा स्वतःच्या मनगटावर चढवला आणि बागेला दहा फेऱ्या मारल्या.

संध्याकाळी तिच्या बाबांनी आकडा पाहिला आणि हरखून सगळ्या नातेवाइकांना आलेख धाडला. झालं, आता आबांना माघार घेता येईना. काल तीन हजार, तर आज कमी कसे दाखवायचे? आठवड्यात ते सहा हजारांवर गेले. दुपारी जेवले की ओंडक्यासारखे पडत.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी आलेखावर बोट फिरवत, व्यायाम आणि गोळी यांची जोडी कशी फळली ते शिकाऊ डॉक्टरला समजावलं. मग चिमीला म्हणाल्या, "जा बाळ, सहा मिनिटं व्हरांड्यात भरभर चालून दाखव."

आबा कात्रीत सापडले. खरं बोलावं तर मैदान हातचं जाणार, गप्प बसावं तर पोर कोसळणार. "थांबा बाई," ते म्हणाले, "पट्टा माझ्या हातावर होता. ही बाकावरून हललेली नाही."

तोवर चिमी टोकाला जाऊन परतलीही होती. सहा मिनिटं संपली तरी छातीचा भाता शांत.

"आबा दुपारी झोपले की मी गच्चीवर दोरीच्या उड्या मारते," ती म्हणाली. "आधी दहा, मग वीस."

"मला न विचारता? आणि गोळी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ती मी मुठीत ठेवून आबांच्या दुधात टाकायचे. किती दमायचे ते."

शिकाऊ डॉक्टरने वहीतली फळलेली जोडी हळूच खोडली. डॉक्टरीणबाईंनी चिमीला पुन्हा नीट तपासलं, दोघांनाही खरपूस झापलं आणि मैदानाच्या परवानगीवर सही केली.

जिन्यात आबांचे पाय लटपटू लागले. चिमीने त्यांना पायरीवर बसवलं.

"पट्टा द्या इकडे," ती म्हणाली, "तुमच्या वाटचं मी चालते."