कडी

द्वारकाबाई धुणं घेऊन नदीवर गेल्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरात वानर शिरलं.

त्यांचे यजमान पुंजाराम जमादार तेव्हा ओट्यावर बसले होते. निजामाच्या पोलिसात तीस वर्षं त्यांनी जालन्याला नव्या शिपायांना एकच विद्या शिकवली होती: घराला वेढा घालून आतला चोर कसा धरायचा. वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनीत, हसनाबादेला येऊन त्यांना नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत म्हशीला रांगेत उभं राहायला शिकवून ते थकले होते, आणि द्वारकाबाई त्यांना कंटाळल्या होत्या.

वानर हाकलायला एक काठी पुरली असती. जमादारांनी मात्र दबक्या पावलांनी जाऊन दाराला बाहेरून कडी घातली आणि शेजारच्या मच्छिंद्र आणि रखमाजीला बोलावून घेतलं. मच्छिंद्रने खिडकीला बाज लावायची आणि मग दारावर उभं राहायचं. रखमाजीने धाब्याच्या छतावर चढून धूर जायच्या भोकावर पाटी धरून बसायचं.

आत उजेड कमी झाला तसं वानर बिथरलं. आधी एक मडकं फुटलं, मग बरीच फुटली.

"जमादारसाब, जाऊ द्या ना त्याला. भेऊन राह्यलं ते," मच्छिंद्र म्हणाला.

"जाऊ द्यायचं तर वेढा कशाला घातला?"

"पण धरल्यावर त्याचं करायचं काय?"

हा प्रश्न तीस वर्षांत एकाही शिपायाने विचारला नव्हता. चोर ठाण्यात जायचा. वानर कुठे न्यायचं, हे जमादारांनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते जास्तच चिडले. घोंगडी आणून त्यांनी मच्छिंद्रला बजावलं, मी आत शिरलो की लगेच कडी लाव. आतून कितीही हाका आल्या तरी काढू नकोस. कोंडलेला माणूस वाट्टेल ते बोलतो.

त्यांनी दार उघडलं. वानर त्यांच्या खांद्यावर पाय देऊन बाहेर उडालं आणि समोरच्या लिंबावर गेलं. जमादार तोल जाऊन आत पडले. मच्छिंद्रने ते सगळं पाहिलं. पण हुकूम कडीचा होता. त्याने कडी लावली.

आतून जमादारांनी समजावून सांगितलं, दरडावलं, उर्दूतही सांगून पाहिलं. मच्छिंद्र बधला नाही. वरून रखमाजीने विचारलं, की पाटी काढू का. मच्छिंद्र म्हणाला, "तुला हुकूम आला का? मंग बस."

द्वारकाबाई ओलं धुणं घेऊन आल्या तेव्हा मच्छिंद्र दाराला पाठ लावून ताठ उभा होता. त्यांनी विचारलं, आत कोण आहे. त्याने सांगितलं.

"अन् वानर?"

"ते मघाच गेलं, वहिनी."

द्वारकाबाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं. वर्षाची तूर, मूग आणि हरभरा जमिनीवर एक झाले होते आणि त्यांच्या मधोमध जमादार घोंगडी घेऊन बसले होते.

"आलीस का? कडी काढ जल्दी," जमादार म्हणाले.

द्वारकाबाईंनी धुण्याची बादली खाली ठेवली. "सुपं कोपऱ्यात हायेत. तूर येगळी करा, मूग येगळे, हरभरा येगळा. झालं की सांगा."

आतून सूप ओढल्याचा आवाज आला.

मच्छिंद्रने हळूच विचारलं, की आता आम्ही घरी जावं का.

"तुम्ही जा," दोरीवर लुगडं टाकत द्वारकाबाई म्हणाल्या. "खिडकीची बाज तेवढी ऱ्हाऊ द्या."