उजवा चॅनेल

"पाच मिनिटांचं काम! चहा होईपर्यंत तुझं रेकॉर्डिंग झालेलं असेल!"

रविवारी सकाळी साडेनऊला टर्मिनलरावांनी हे वाक्य उच्चारलं आणि ते बायकोनं आणि आईनं, दोघींनीही ऐकलं. दोन साक्षीदार समोर असले की माणसानं जरा जपून बोलावं. पण कॉम्प्युटरचा विषय निघाला की जपून बोलणं टर्मिनलरावांना जमत नसे.

टर्मिनलराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात पाइपलाइनचे नकाशे सांभाळणारा साधासुधा माणूस. पण सहा वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं आणि तेव्हा ताठ झालेली मान अजून खाली यायचं नाव घेत नाही. माऊस म्हणजे पोरखेळ! खरा माणूस काळी खिडकी उघडतो, तिच्यात पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करतो आणि यंत्राला कामाला लावतो. त्या काळ्या खिडकीला टर्मिनल म्हणतात, त्यावरून मेव्हण्यानं हे नाव ठेवलं. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कान-नाक-घशाचा डॉक्टर. तो दुकानातून आणलेला लॅपटॉप आहे तसाच वापरतो, म्हणून टर्मिनलरावांच्या लेखी तो अडाणी.

बायको ग्रंथपाल. बावीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढलेली बाई! आणि आवाज असा की पुस्तक परत करायची तारीख सांगितली तरी माणसानं थांबून ऐकावं. अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेला वाचणारी माणसं हवी होती. दहा मिनिटांचा नमुना, घरी रेकॉर्ड केलेला, रविवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा. बावीस वर्षं गप्प बसलेल्या बाईला पहिल्यांदाच कोणीतरी तोंड उघडायला सांगत होतं. दोन महिने ती पहाटे साडेपाचला पलंगाशेजारच्या खिडकीत बसून मोठ्यानं वाचायचा सराव करत होती. टर्मिनलरावांची झोपमोड व्हायची, पण त्यावर त्यांनी एक घरगुती उपाय शोधून काढला होता आणि त्याबद्दल कोणाला काही सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती.

शनिवारी मेव्हण्याचा फोन आला होता. "ताईला माझ्याकडे पाठवा. माझ्या लॅपटॉपवर तासाभरात होऊन जाईल."

"काही गरज नाही!" टर्मिनलराव म्हणाले. "मी यूएसबी साउंड कार्ड आणलंय."

तर ते साउंड कार्ड, काडेपेटीएवढा डबा, त्यांनी कॉम्प्युटरला जोडलं. माईक लावला. डोक्यावर भलेमोठे हेडफोन चढवले. पंखा बंद, फ्रीजही बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. आवाज घुमू नये म्हणून बायकोच्या डोक्यावरून जाड रजई घातली. रजईतून ती दहा मिनिटं वाचत राहिली. एकही अडखळ नाही! शेवटच्या वाक्याला तर दारात उभ्या असलेल्या आईनं डोळे पुसले.

टर्मिनलरावांनी रेकॉर्डिंग लावलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"उजवीकडून काहीच येत नाही!"

डाव्या कानात आवाज खणखणीत. उजव्या कानात चिडीचूप! त्यांनी पडद्यावर आवाजाची रेघ उघडली. दोन चॅनेलच्या दोन रेघा दिसायला हव्यात. होती एकच.

"हे बघ! डाव्याची रेघ आहे, उजव्याची गायब! मी म्हटलं नव्हतं?"

त्यांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं. पण निदान झालं की ते आपण आधीच केलं होतं असं त्यांना वाटायचं. "आता मिक्सर उघडून बघायला हवा."

"हात लावू नकोस!" आई ओरडली. "आत्ताच धुऊन ठेवलाय!"

"अगं, तो मिक्सर नव्हे. कॉम्प्युटरमधला. उजवा चॅनेल लागत नाहीये."

"मग केबलवाल्याला फोन कर की!"

टर्मिनलरावांनी हेडफोन उलटे घातले, डावी बाजू उजव्या कानावर. तरी उजवा कान मुकाच! दुसऱ्या एखाद्यानं इथं थांबून थोडा विचार केला असता. टर्मिनलराव आनंदले. "म्हणजे हेडफोन निर्दोष! दोष सिस्टिममध्ये आहे. आवाज बाजू बदलून पळतोय!"

तेवढ्यात बायको त्यांच्या उजव्या हाताला उभी राहून काहीतरी म्हणाली. नीटसं ऐकू आलं नाही. पण वीस वर्षांच्या संसारात न ऐकलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची कला त्यांना साधली होती.

"हो हो," ते म्हणाले आणि जाड वायर शोधायला माळ्यावर चढले.

जुन्या चपला, मोडकी छत्री आणि तीन कुकरच्या शिट्ट्या खाली आल्या, वायर आली नाही. उतरले तेव्हा बायको त्यांच्या खुर्चीतून उठत होती.

"काही दाबलं नाहीस ना?"

"एकच बटण दाबलं."

"कुठलं?"

ती हसून त्यांच्या उजवीकडून स्वयंपाकघरात गेली. जाता जाता तिनं सांगितलं असावं, पण त्यांच्यापर्यंत काही पोहोचलं नाही. झालं! तिथून पुढे कॉम्प्युटरमध्ये जे जे बिघडलं ते ते 'त्या एका बटणाच्या' खात्यावर जमा झालं.

त्यांनी पहिलं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. काळ्या खिडकीतून पुसलेलं परत मिळत नाही. तिथं कचऱ्याची टोपली नसते, पुसलं ते गेलं! मग कार्डाकडे दोन चॅनेल मागितले. कार्डानं साफ नकार दिला. सक्ती केली तेव्हा पडद्यावर दोन रेघा उमटल्या, अगदी जुळ्या! पण उजव्या कानात तरीही शुकशुकाट.

"लबाड आहे कार्ड! रेघ दाखवतंय, आवाज देत नाहीये!"

दुसरं रेकॉर्डिंग. पुसलं. तिसरं. पुसलं. मग माईक जिवंत आहे की नाही हे बघायला ते त्याच्यावर बोटानं ठोकू लागले. टक टक टक. आईनं जाऊन दार उघडलं. दारात कोणी नाही. पुन्हा टक टक टक. पुन्हा आई दारात. पाचव्या खेपेला आईनं खुर्चीत बसकण मारली.

"आता प्रत्यक्ष यम जरी आला ना, तरी मी दार उघडणार नाही!"

जेवणं उभ्या उभ्या झाली. फ्रीजचं पाणी फरशीवरून वाहत कॉम्प्युटरच्या टेबलाखाली आलं, त्यात टर्मिनलराव घसरले आणि पडता पडता माईकच्या वायरीला लोंबकळले. रजईत बायको घामानं भिजली. नववं रेकॉर्डिंग होईपर्यंत तिचा आवाज भाजीत मीठ जास्त झाल्यावर येतो तसा झाला होता. अकराव्याला ती खोकली.

"अहो, पुरे करू या का आता?" हे तिनं सुदैवानं डावीकडून म्हटलं.

"पुरे? एका कानानं कोणी ऐकतं का? तुझं ते बटण नसतं ना, तर सकाळीच सुटलो असतो!"

बायको पाण्याचा पेला घेऊन खिडकीत जाऊन उभी राहिली. टर्मिनलरावांना ते लागलं. आपण रागावलो ते बटणावर नाही, घड्याळावर, हे त्यांना कळत होतं. साडेतीन वाजले होते. सकाळच्या पाच मिनिटांना सहा तास झाले होते आणि हिच्या आयुष्यात पहिल्यांदा आलेली संधी आपल्या हातून निसटत चालली होती. मेव्हण्याला फोन करावा? जीव गेला तरी चालेल! चार वाजता त्यांनी मेव्हण्याला फोन केला.

वीस मिनिटांनी दारावर टक टक झाली.

"तो माईक आहे," आई म्हणाली आणि जागची हलली नाही.

टक टक टक!

"ऐकतेय रे बाबा! चालतोय तुझा माईक!"

अखेर मेव्हणा स्वतःच दार ढकलून आत आला. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात दवाखान्याची बॅग. पाण्यातून वाट काढत तो टर्मिनलरावांच्या उजव्या बाजूला उभा राहिला.

"भावोजी, काय झालंय?"

टर्मिनलरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि पडद्याकडे बघत राहिले.

"भावोजी, तुमच्या पायाखाली पाणी आहे."

उत्तर नाही. मेव्हणा वळसा घालून डावीकडे गेला. "भावोजी?"

"अरे! कधी आलास?"

मेव्हण्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला. तो पुन्हा उजवीकडे गेला. "भावोजी, तुमची खुर्ची जळतेय."

टर्मिनलराव शांतपणे टाइप करत राहिले.

मेव्हण्यानं लॅपटॉप उघडलाच नाही. बॅग उघडली. बॅटरी काढली, चिमटा काढला, टर्मिनलरावांचं डोकं कलतं केलं आणि उजव्या कानात प्रकाश टाकला.

"हलू नका."

"अरे, चॅनेल कॉम्प्युटरचा गेलाय, माझा..."

चिमटा आत गेला आणि बाहेर आला. त्याच्या टोकाला बोराएवढा, दाबून घट्ट केलेला, पांढराशुभ्र कापसाचा बोळा!

"घ्या भावोजी," मेव्हणा म्हणाला. "तुमचा उजवा चॅनेल."

खोलीत एकाएकी सगळीकडून आवाज आले. घड्याळाची टिकटिक, आईचं "अगंबाई!", रस्त्यावरचा हॉर्न. टर्मिनलरावांनी हेडफोन घातले आणि शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. डावीकडे बायको. उजवीकडेही बायको! दोन्हीकडे स्वच्छ, दोन्हीकडे खोकला.

माईक एकच, म्हणून रेघ एकच. ती दोन्ही कानांना पुरते. म्हणजे पहिलं रेकॉर्डिंगसुद्धा उत्तम होतं. दुसरंही. आणि ती सगळी त्यांनी स्वतःच्या हातानं पुसली होती. घड्याळात पाचला वीस कमी होते आणि बायकोचा घसा पार बसला होता.

टर्मिनलराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "मी घालवलं गं," ते म्हणाले. मान प्रथमच खाली होती. "तुझं एवढं चांगलं वाचन मी घालवलं. बटणाचं ते उगीच बोललो. चूक माझीच."

"पहिलं गेलंय ना सकाळीच," बायको घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"तेच म्हणतोय. पुसलं मी."

"पुसायच्या आधी. संस्थेला. मी विचारलं, मला हे आवडलंय, पाठवून देऊ का? तुम्ही 'हो हो' म्हणालात. मग तुम्ही माळ्यावर होतात तेव्हा मी बसले आणि पाठवून दिलं. एकच बटण तर दाबायचं होतं!"

टर्मिनलराव मटकन खुर्चीत बसले. "मग दिवसभर रजईत बसून वाचत का राहिलीस?"

"मला वाटलं, तुमचं कार्ड बिघडलंय, माझ्या आवाजावर तपासून बघताय. वीस वर्षांत पहिल्यांदा इतक्या वेळा माझं वाचन ऐकत होतात. म्हटलं, ऐकू दे."

टर्मिनलरावांचे डोळे भरून आले आणि त्यांना वाटलं, सुटलो! सगळं गोड झालं!

तेवढ्यात बायकोनं मेव्हण्याच्या चिमट्याकडे पाहिलं.

"पण काय हो, तुमच्या कानात कापूस कशाला?"

टर्मिनलराव डाव्या कुशीवर झोपतात. डावा कान उशीत असतो. उजवा वर, खिडकीकडे. त्या खिडकीत पहाटे साडेपाचला कोण बसतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. बायको बोळ्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे, मग टर्मिनलरावांकडे.

मेव्हण्यानं बॅग बंद केली. "मी निघतो, ताई," तो म्हणाला. आईनं या वेळी उठून दार अगदी तत्परतेनं उघडलं, आणि त्याला पोचवायला म्हणून तीही बाहेर गेली.

बुधवारी संस्थेचं उत्तर आलं. 'आवाज फार आवडला. ध्वनिमुद्रणही दोन्ही बाजूंनी निर्दोष.' चारशे पानांचं पुस्तक वाचायला दिलं आहे. सराव रोज पहाटे साडेपाचला असतो. आता टर्मिनलराव झोपलेले नसतात, समोरच्या खुर्चीत ताठ बसून, दोन्ही कान उघडे ठेवून ऐकतात. शिक्षा म्हणून सुरू झालं खरं, पण तिसऱ्या प्रकरणापासून ते गजर व्हायच्या आधीच उठू लागले आहेत.

आता, दुसऱ्याच्या घरातलं हे सगळं मला इतकं बारकाईनं कसं ठाऊक, असं कोणी विचारलंच, तर मला ऐकू आलं नाही असं समजावं.